चारशे छत्तीस मीटर

साहेबरावानं टेप तिसऱ्यांदा लावला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, आणि आकडा काही केल्या बदलत नव्हता. करमाडच्या गायरानावर त्यानं स्वतः आखलेली, दरवर्षी चुन्याची फक्की मारून पांढरी केलेली चारशे मीटरची फेरी चारशे छत्तीस मीटर भरत होती. तो तिथंच फतकल मारून बसला. रात्रपाळी करून आलेला माणूस, अंगात त्राण नव्हतं. हे आपल्याला कळलंच नसतं तर बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं आणि तसं आल्याची लाजही वाटली.

शेंद्र्याच्या एका कंपनीच्या गेटवर तो रात्रभर बसे आणि सकाळ-संध्याकाळ गावातल्या बारा पोरींना पोलीस भरतीसाठी पळवी. तरुणपणी त्याची स्वतःची भरती चार सेकंदांनी हुकली होती, तेव्हापासून सेकंद या वस्तूवर त्याचा दात होता. पोरींना आठशे मीटर म्हणजे दोन फेऱ्या. दोन मिनिटं पन्नास सेकंदांत संपवल्या की पूर्ण गुण. त्याच्या पोरी तीन मिनिटांच्या खाली येत नव्हत्या. चार वर्षं त्यानं त्यांच्या पायांना बोल लावला, खाण्याला लावला, मोबाईलला लावला. फेरीला बोल लावायचं काही त्याला सुचलं नाही.

फेरी आखली होती विहिरीवरच्या नायलॉनच्या दोरानं. अंगणात दोर सैल पसरून त्यानं टेपनं पन्नास मीटर मोजले आणि तिथं गाठ मारली. मग गायरानावर रेघ वाकडी होऊ नये म्हणून दोन दांडग्या गड्यांनी तो दोर दोन्हीकडून जीव खाऊन ओढला. मोजला सैल आणि आखताना ताणला. जुना नायलॉन तो, दर खेपेला चार-साडेचार मीटर लांबला. असा आठ वेळा. आणि हा गृहस्थ ऐटीत शिट्टी गळ्यात घालून उभा.

हे कळलं ते संध्यामुळे. ही त्याच्याच बारा पोरींपैकी एक. रविवारी ती शहरात मामाकडं गेली होती, तिथल्या मोठ्या मैदानावर पळाली आणि दोन मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंदांत आली. इथं तिचं तीन मिनिटं तीन सेकंदांच्या खाली कधी उतरलं नव्हतं. तिथलं घड्याळ खराब असेल, असं तीच बिचारी म्हणाली. साहेबराव हसला खरा, पण तो आकडा त्याच्या डोक्यातून जाईना. आज सकाळचा सराव उरकल्यावर पोरी घरी गेल्या आणि त्यानं रस्त्याच्या कामावरच्या गुत्तेदाराकडून टेप मागून आणला.

आता सुकेशनीला सांगायचं होतं. तिचं घर गायरानापासून दहा मिनिटांवर, पण त्याला अर्धा तास लागला.

सुकेशनी त्या बारा पोरींतली सगळ्यात चिवट. कंपनीत आठ तास उभं राहून पॅकिंग करायची आणि वर पळायची. जानेवारीत तिचं तीन मिनिटं एक सेकंद होतं. अकरा सेकंद तोड, साहेबराव म्हणाला होता. मग तिनं रविवारची सुट्टी बंद केली. पहाटे गायरान, संध्याकाळी जालना रोडच्या कडेचं डांबर, तेही तळ गेलेल्या बुटांवर. फेब्रुवारीत पायाची नळी दुखते म्हणाली. दुखतंय म्हणजे हाड तयार होतंय, असं साहेबरावानं तिला ठासून सांगितलं आणि फडकं आवळून बांधायला लावलं. गेल्या आठवड्यात दुसऱ्या फेरीत ती खाली बसली ती उठलीच नाही. डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो बघून विचारलं होतं, सुट्टी कोणत्या वारी असते? हाडाला चीर गेली होती. सहा आठवडे पाय टेकायचा नव्हता आणि भरतीचं ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, अठरा दिवसांवर आलं होतं.

तिची आई सुगंधाबाई बाहेर भांडी घासत होती. तिनं सरांना पाणी दिलं, चहाचं विचारलं. सुकेशनी खाटेवर प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून बसली होती. साहेबरावानं चहा नको म्हटलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. दोर, गाठ, टेप, छत्तीस मीटर.

सुकेशनीनं मोबाईल घेऊन खऱ्या आठशे मीटरचा हिशेब मांडला. दोन मिनिटं सेहेचाळीस.

"म्हणजे जानेवारीतच झालं होतं माझं."

"झालं होतं."

"मग मी पळत कशापाई होते, सर?"

त्याला वाटलं होतं ती रडेल, शिव्या देईल, आणि ते त्याला परवडलं असतं. पण तिचे डोळे एकदम चमकले. आपल्या हाताशी बरेच सेकंद शिल्लक आहेत, ती भराभरा बोलू लागली. प्लास्टर कापून टाकायचं, त्या दिवशी एक इंजेक्शन घ्यायचं. तीन-दहाला आले तरी थोडे गुण पडतील, बाकीचे गोळाफेकीत काढीन. साहेबराव घाबरला. एवढा तो मैदानावर कधी घाबरला नव्हता.

"नाय पळायचं," तो म्हणाला. "चीर आहे, ती तुटंल. मग भरती ऱ्हाऊ दे, चालायचे वांधे होतील."

"तुम्ही पळ म्हणलात तवा पळाले. आता थांब म्हणता. कोणतं खरं धरू?"

"माझं काहीच धरू नको. डॉक्टरचं धर. मी चुकलो, पोरी. फेरीत चुकलो अन् तुझ्या पायातबी चुकलो."

बाहेर भांड्यांचा आवाज थांबला होता. सुगंधाबाई दारात येऊन उभी राहिली. सुकेशनीनं प्लास्टरकडं बघितलं. तिच्या तोंडावरची चमक हळूहळू उतरली. मग तिनं विचारलं, आज सकाळी पोरींना पळवलं का.

"पळवलं."

"संध्याकाळी?"

"पाचला बोलावलंय."

"त्यांना सांगितलं?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. ग्राउंड होईस्तोवर गप्प राहू, पोरी जोरात पळतायत तर पळू देत, हा विचार वाटेत दोनदा त्याच्या मनात येऊन गेला होता. ते तिला न सांगताच कळलं असावं.

"संध्याचीबी नळी दुखतीय. तुम्हाला भिऊन बोलत नाय ती. आत्ता फोन लावा. माझ्यासमोर."

त्यानं फोन लावला. संध्याकडं चार-पाच जणी अभ्यासाला जमल्या होत्या, तिनं फोनचा आवाज मोठा केला. साहेबरावानं पुन्हा सगळं सांगितलं, आज संध्याकाळी कुणी पळायचं नाही म्हणाला, आणि नळी दुखत असेल तिनं उद्याच डॉक्टरकडं जायचं. मग संध्यानं दबक्या आवाजात विचारलं, सर, म्हणजे आम्ही बसतो का टायमात? बसता, तो म्हणाला.

त्यावर जो कल्ला झाला तो दारातल्या सुगंधाबाईलाही ऐकू आला. कुणीतरी टाळ्या पिटत होतं, कुणी हुंदके देत होतं. साहेबरावानं घाईघाईनं फोन बंद करायला बोट नेलं, तर सुकेशनीनं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "मी जानेवारीत अशीच ओरडले असते." आणि तो कल्ला ऐकता ऐकता ती रडायला लागली.