संडासामागची गुलबक्षी

सुट्टीची दुपार असूनही कारखान्याची अख्खी वसाहत मैदानात लोटली होती. ही माणसं दुपारची झोप सोडून उन्हात बसतात, हाच खरा चमत्कार! समोर चौरंगावर फूलबाबा आणि त्यांच्यापुढे गुलबक्षीची कुंडी. कळ्या गच्च मिटलेल्या.

"हे साधं रानफूल नव्हे," बाबा डोलत म्हणाले. "आंधळ्या अप्सरेचे हे डोळे! माझ्या मंत्राने ते उघडतील. मग याचा रस डोळ्यांत घाला, तुमचेही उघडतील!"

पहिल्या रांगेत फिटरआजोबांना मुलाने आणून बसवलं होतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उद्याचं ऑपरेशन मुलाने परस्पर रद्द केलं होतं, कारण अप्सरेला म्हणे सुरी चालत नाही. नातीचा चेहरा एकदा धड दिसावा एवढंच आजोबांचं मागणं, आणि इथे डोळ्यांत झाडपाला पिळायची तयारी!

बाबा खाकरले, तोच आजोबा म्हणाले, "महाराज, आज फुलाला मिटूनच राहायला सांगा की."

"अण्णा, गप्प बसा ना!" मुलगा कुजबुजला.

"का रे? ज्याला उघडता येतं त्याला मिटवता येणार नाही होय?"

लोकांना कल्पना भलतीच आवडली. टाळ्या पडल्या. बाबांना घाम फुटला, पण आता माघार कशी घेणार? "मीट! मीट!" म्हणत ते हातवारे करू लागले. थोड्या वेळाने एक कळी सुटली. मग दुसरी. बाबांचा आवाज चढत गेला आणि कुंडी गुलाबी होत गेली.

"अप्सरा बहिरी पण आहे वाटतं!" मागून कुणीतरी म्हणालं.

आजोबांनी नाक वर केलं. "वास येतोय? संडासामागे ही झाडं माजलीत, तिकडचा आहे. जाऊन बघा, तीही फुलली असतील. त्यांना कुणी मंत्र घातला? ही रोजच ऊन कलताना फुलते. आपण त्या वेळी बिनखिडकीच्या कारखान्यात, नाहीतर सुट्टीला घोरत पडलेले. मलाही कुठे ठाऊक होतं! डोळे गेले, मागच्या दारी बसू लागलो, तेव्हा नाकाने सांगितलं."

लोक संडासाकडे धावले. परत आले तर चौरंग रिकामा. बाबा कुंडी न्यायलाही थांबले नव्हते.

"अण्णा, चुकलं माझं," मुलगा म्हणाला.

"मग आधी दवाखान्यात फोन लाव. आणि मंडळी, उद्या कुणी काही करून दाखवलं तर एवढंच विचारा, हा इथे नसता तर हे झालं नसतं का?"

ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा नात गुलबक्षी नाचवत समोर उभी. "आजोबा, ओळखा बघू, कुठला रंग?"

"ते फूल बाजूला कर गं," आजोबा म्हणाले. "आधी तुला बघू दे."