एक प्रश्न मागे

चष्मेवाल्यांचं दुकान विकायचं ठरलं, ते एका 'हो'वर.

पक्षाघाताच्या झटक्यात चष्मेवाल्यांची वाचा गेली होती आणि आता कुठे थोडी थोडी परत येत होती. हात शाबूत होते, चष्म्याचा बारीक स्क्रू अजूनही अचूक बसवत; शब्द मात्र ऐन वेळी दांडी मारत. त्यात मुलगा कायम घोड्यावर बसलेला. सकाळी त्याने एका दमात विचारलं, चहा हवा का, पंखा बंद करू का, दुकान विकायचं ना. बाबा म्हणाले, "हो." मुलाने लगेच गिऱ्हाईक गाठून संध्याकाळी फोन करतो म्हणून सांगून टाकलं.

चष्मेवाल्यांच्या बायकोच्या मनात मात्र पाल चुकचुकली. दुपारी तिने नवऱ्याला विचारलं, जेवायला वाढू का. उत्तर येईना, म्हणून ताट वाढून समोर ठेवलं आणि विचारलं, खिडकी लावू का. भरल्या ताटासमोर बसून चष्मेवाले म्हणाले, "वाढ." तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. यांचं उत्तर चुकत नव्हतं, ते एक प्रश्न मागे होतं. वाचा शिकवायला येणाऱ्या ताईंनी बजावलंच होतं, की नुसते शब्द हरवलेले नाहीत, एका गोष्टीवरून दुसरीवर वळायलाही मनाला वेळ लागतो. ऐकलं होतं सगळ्यांनी, शिरलं कुणाच्याच डोक्यात नव्हतं. म्हणजे सकाळचा 'हो' पंख्याचा होता, नाहीतर चहाचा.

संध्याकाळी तिने मुलाला तंबी दिली, प्रश्न एकच आणि मग तोंडाला कुलूप. ती नवऱ्यासमोर बसली. "अहो, दुकान विकायचं का?"

मुलाचा पाय हलत होता. तिच्याही जिभेवर उत्तर नाचत होतं. आजवर नवऱ्याची निम्मी वाक्यं तिनेच पुरी केली होती. तिने ओठ घट्ट मिटून धरले. चष्मेवाल्यांच्या कपाळावर घाम आला.

"विकू," ते म्हणाले.

मुलगा टुणकन उठला. "झालं, बाबाच म्हणाले." फोन लागलासुद्धा. तिचं अवसान गळालं, तरी तिने मुलाचं मनगट धरून ठेवलं. नवऱ्याचं तोंड अजून उघडंच होतं.

"नको," त्यांनी वाक्य पुरं केलं.

मुलगा मटकन खाली बसला. फोनमधून गिऱ्हाईक 'हॅलो, हॅलो' करत राहिलं. तिला हसू आवरेना आणि रडूही आवरेना, आणि उत्तर द्यायची आज कुणालाच घाई नव्हती.