दोन बहिणींची मोटारसायकल

मित्रांनो, मी मोटारसायकल आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे, कारण हल्ली मला बघून ते कुणाच्या पटकन लक्षात येत नाही. माझा दिवा फुटला आहे, सीट फाटून आतला स्पंज बाहेर आला आहे आणि हँडलवर दोघी बहिणींतली थोरली ओली फडकी वाळत घालते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हातारपणी जे काम मिळेल ते करावे.

माझे बालपण मला फारसे आठवत नाही. उस्तादांनी मला विकत घेतले तेव्हा माझे दोन मालक होऊन गेले होते, आणि दोघांनीही माझी पार रया घालवली होती. उस्ताद मेळ्यांमधून मृत्यूची विहीर घेऊन फिरत. या विहिरीत पाणी नसते. उभ्या फळ्या जोडून केलेली घराएवढी उंच गोल भिंत असते. प्रेक्षक जिना चढून वरच्या कठड्याशी उभे राहतात आणि वाकून आत बघतात. तळाशी मी. आधी खाली गोल गोल फिरायचे, मग वेग धरून भिंतीवर चढायचे आणि आडवे होऊन धावत राहायचे. वेग कमी झाला की आटोपले. या कामासाठी उस्तादांनी माझे मडगार्ड काढले, सायलेन्सर काढला, हॉर्नसुद्धा काढला. भर मेळ्यात असे उघडेवाघडे फिरायची मला आधी फार लाज वाटली. पुढे लोक टाळ्या वाजवू लागले आणि लाज गेली.

उस्तादांना दोन मुली होत्या. थोरली मला चालवी. धाकटी मागे बसे आणि भिंतीवर चढल्यावर दोन्ही हात पसरी. वर लोकांचा श्वास अडकलेला असे आणि ही पोरगी मात्र बहिणीच्या कानात काहीतरी चहाटळ बोलत असे. "ताई, तो निळ्या शर्टवाला बघ, घाबरून बायकोच्या मागे लपलाय." थोरलीला हसू फुटे, ते हसू तिच्या हातांतून माझ्या हँडलपर्यंत येई. मित्रांनो, मला पुष्कळ तेल मिळाले, पण तसे सुख पुन्हा मिळाले नाही.

विहिरीतल्या लोकांचा एक नियम होता. खेळाआधी गाडीचे नट मागे बसणाऱ्याने आवळायचे. ज्याच्या हातात हँडल नाही, त्याच्या हातात पाना. त्यामुळे धाकटीच माझे नट आवळी, आणि एकही कधी ढिला सोडला नाही, हे मी स्वतः सांगते.

एका वर्षी उस्तादांनी थोरलीच्या गळ्यात लांब लाल स्कार्फ बांधला. भिंतीवर तो फडफडला की खेळाला रंग चढे. एका संध्याकाळी त्याचे टोक खाली उतरले आणि माझ्या मागच्या चाकाकडे ओढले गेले. स्कार्फ चाकात गुंडाळला असता तर थोरलीचा गळा तिथेच आवळला असता. थोरलीला काहीच कळले नव्हते. धाकटीने पाहिले. तिने पसरलेले हात मिटले, एका हाताने टोक ओढून धरले, दुसऱ्या हाताने बहिणीच्या गळ्यातली गाठ सोडली आणि स्कार्फ भिरकावून दिला. त्या ओढाओढीत तिचा तोल गेला, आणि स्वतःला धरायला तिच्याकडे तिसरा हात नव्हता. ती खाली पडली. थोरलीला मात्र एकदम थांबता येईना, कारण भिंतीवर वेग एकदम सोडता येत नाही. बहीण तळाशी पडलेली दिसत असताना तिने मारलेली ती फेरी मी जन्मात विसरणार नाही. धाकटीचा खुबा मोडला. जीव वाचला, पण पाय कायमचा लंगडा झाला.

पुढे विहीर पुन्हा उभी राहिली तेव्हा धाकटी तिकिटाच्या खिडकीत बसू लागली. थोरली उस्तादांना म्हणाली, "बाबा, भोंग्यावरून सांगा ना, हिने मला कसं वाचवलं ते." उस्तादांनी थोडे दिवस सांगून पाहिले. लोक ऐकत, हळहळत आणि पुढे पाळण्याकडे जात. शेवटी उस्ताद म्हणाले, "पोरींनो, मायेला कोण तिकीट काढतं? माया ज्याच्या त्याच्या घरी असते. वैर दाखवलं तर रांग लागेल."

त्यांनी नवी गोष्ट रचली. "या, बघा! सख्खी बहीण, पक्की वैरीण! थोरलीचं कौतुक तिला बघवेना! हिने चाकाचा नट ढिला केला! पण खड्डा खणला दुसऱ्यासाठी आणि पडली स्वतःच! ती बघा, तिकिटाच्या खिडकीत बसलीय!" लोक तिकीट घ्यायच्या आधी खिडकीत डोकावून बघत.

धाकटीला राग आला असेल, असे तुम्हाला वाटेल. छे! ती डोळे वटारून पाना दाखवी आणि म्हणे, "तुमच्या गाडीचा आहे का एखादा नट?" बघणारा दचकला की ती खो खो हसे. घरात तिचे नावच वैरीण पडले. "ए वैरीण, चहा गार होतोय," असे थोरली हाक मारी, आणि त्या हाकेत जी माया होती ती मी ऐकली आहे. तो त्यांचा घरचा विनोद होता. विनोद घरात होता तोवर कुणाला टोचला नाही.

उस्ताद गेल्यावर भोंगा थोरलीकडे आला. ती तीच गोष्ट सांगू लागली. "या, बघा!" म्हणताना तिची पाठ ताठ होई, हनुवटी वर जाई आणि आवाज चढे. इतकी वर्षे सांगून ती गोष्ट तिच्या जिभेवर पाढ्यासारखी बसली. मग मेळ्यांना उतरती कळा लागली, विहीर लाकडाच्या भावात गेली. धाकटी लग्न करून दुसऱ्या गावी गेली, तिथे तिने पाळणाघर काढले. थोरली मला घेऊन या लहान घरात राहायला आली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी राहिले. धूळ खाल्ली, गंज खाल्ला. तक्रार केली नाही.

एक दिवस चित्रपटाचा लेखक आला. माणूस सभ्य होता, चप्पल दाराबाहेर काढून आत गेला. त्याला थोरलीच्या आयुष्यावर चित्रपट काढायचा होता. तिने सगळे सांगितले, मेळे, पाऊस, उस्तादांचा कडक स्वभाव. शेवटी त्याने हळूच विचारले, "आणि बहिणीचा तो अपघात? खरं काय झालं होतं?"

खिडकीतून मला दिसले. थोरलीची पाठ ताठ झाली. हनुवटी वर गेली. "सख्खी बहीण, पक्की वैरीण..." तिने सुरुवात केली आणि शेवटपर्यंत सांगितले, एकही शब्द न गाळता. मी आतल्या आत किंचाळले, पण हॉर्न नव्हता ना मला!

तिने कपटाने सांगितले नाही, मित्रांनो. आजवर ज्याने ज्याने तिची गोष्ट विचारली, त्याने तिकीट काढलेले होते. चित्रपटवाला तिला मोठ्या मेळ्याचा उस्तादच वाटला. खेळ तो खेळ, असे ती समजून चालली.

मग कंपनीचे वकील करार घेऊन आले. आपली जीवनकथा तिने कंपनीला कायमची दिली, असे त्यात होते. मलाही त्या करारात घातले होते. वकिलांनी विचारले, "तुम्ही सांगितलेलं सगळं खरं आहे ना? आणि बहिणीची संमती आहे?"

थोरली हसली. "तिची कसली संमती? ती तर स्वतः खिडकीतून लोकांना पाना दाखवायची!" आणि तिने सही केली.

चित्रपट गाजला. जाहिरातीवर मोठ्या अक्षरांत 'सत्यकथा' लिहिले होते. मला रंग लावून चित्रपटगृहाच्या दारात उभे केले. लोक माझ्या मागच्या चाकाच्या नटाला हात लावून बघत आणि म्हणत, "हाच तो!" इतकी वाहवा मला विहिरीतही मिळाली नव्हती. आणि एकेक शब्द खोटा.

तिकडे धाकटीच्या गावी काय झाले ते मला नंतर कळले. जिने सख्ख्या बहिणीच्या जिवावर उठायला मागेपुढे पाहिले नाही, तिच्या हवाली आपले मूल कोण करील? एकेक आई येऊन दुपटी, बाटल्या, खेळणी घेऊन गेली. भांडण कुणीच केले नाही. सगळ्यांनी काहीतरी कारण सांगितले. धाकटीच्या मुलाने कंपनीवर दावा लावला. कंपनीने थोरलीची सही पुढे केली.

न्यायाधीशबाईंना गाडी बघायची होती, म्हणून मला कोर्टाच्या आवारात आणले. त्या खाली उतरून आल्या. दोन्ही बहिणी माझ्या दोन बाजूंना उभ्या होत्या. धाकटी काठीवर रेलली होती. बहिणीकडे बघत नव्हती.

न्यायाधीशबाईंनी विचारले, "बाई, तुमच्या बहिणीने हा नट ढिला केला होता का?"

कंपनीचे वकील मध्येच म्हणाले, "नीट विचार करून बोला. खोटं सांगून सही केली असेल, तर भरपाई तुमच्याकडून घेऊ. राहतं घर जाईल."

"जाऊ दे घर," थोरली म्हणाली. "नाही केला. तो तर भोंग्यातला मजकूर होता. हिने मला वाचवलं. माझ्यासाठी हात सोडले हिने." आणि मग तिने स्कार्फची सगळी हकिकत सांगितली. अडखळत, रडत, मागचे पुढे करत. इतकी वाईट तिने कुठलीच गोष्ट कधी सांगितली नव्हती, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला ती पटली. कारकुनानेही चष्मा काढून पुसला.

वकिलांनी घसा साफ केला. "ठीक आहे. पण ही हकिकतसुद्धा करारात येते. जीवनकथा म्हणजे सगळी. सांगितलेली आणि न सांगितलेलीही."

निकाल लागला तो असा. चित्रपटावरचा 'सत्यकथा' हा शब्द काढायचा आणि 'काल्पनिक' असे लिहायचे. करार मात्र कायम. कंपनीने भरपाई मागितली नाही, पण त्या बदल्यात थोरलीने आपल्या आयुष्याविषयी चारचौघांत तोंड उघडायचे नाही. मुलगा जिंकला, असे सगळे म्हणाले.

आवारातून निघताना थोरलीने हाक मारली, "ए वैरीण..." आणि आपण काय बोललो हे कळून तिने तोंडावर हात ठेवला.

धाकटी थांबली. "ताई, लोकांपुढे म्हणत होतीस तोवर मी हसून घेतलं. पण त्या माणसाने तुला समोर बसवून खरं काय ते विचारलं ना गं? त्याला तरी खरं सांगायचंस."

"मला आजवर कुणी खरं विचारलंच नव्हतं," थोरली म्हणाली.

"आता माझ्या गल्लीत येऊन सांग. कोर्टाचा कागद कोण वाचतंय तिथं?" एवढे बोलून धाकटी मुलाचा हात धरून निघून गेली.

माझा उपयोग संपल्यावर कंपनीने मला परत पाठवले. थोरलीने मला धुतले, तेल घातले, आणि एका सकाळी किक मारली. माझा स्वतःचाच विश्वास बसेना, पण मी सुरू झाले. करार मोडला तर घर जाणार होते. तरीही ती मला घेऊन बहिणीच्या गल्लीत गेली.

माझ्या आवाजाने लोक दारांत आले. ज्या आयांनी मुले काढून नेली होती, त्याही आल्या. धाकटी खिडकीत दिसली. थोरली माझ्याशेजारी उभी राहिली आणि बोलू लागली. "ऐका, माझ्या बहिणीने मला वाचवलं..." पहिली दोन वाक्ये साधी गेली. समोर गर्दी होती, मित्रांनो. गर्दी दिसली की तिचे अंग तिचे राहत नाही. पाठ ताठ झाली, हनुवटी वर गेली, आवाज चढला. नेमक्या जागी ती थांबली, नेमक्या जागी हात पसरले. स्कार्फ चाकाकडे जातो तिथे बायकांनी तोंडावर पदर धरले. प्रत्येक शब्द खरा होता. गोष्ट संपली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"दुसरा भाग येतोय वाटतं," एक गृहस्थ म्हणाले.

"मावशी, तिकीट कुठे मिळणार?" एकीने विचारले. तिला खरोखरच जायचे होते.

थोरली ओरडत राहिली, "अहो, खरं आहे हे! खरं आहे!" जितकी ओरडली, तितक्या टाळ्या पडल्या.

गर्दी पांगल्यावर धाकटी खिडकीशी वाकली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरे झाले असते.

"ताई," ती म्हणाली, "पडले मी. पाय माझा मोडला. पण आत्ता तुझ्या तोंडून ऐकताना मलासुद्धा ते खरं वाटेना गं." आणि तिने खिडकी लावून घेतली.

घर अजून गेलेले नाही. गल्लीतले ते बोलणे कंपनीच्या कानावर गेले असेल, तर तिलाही ती जाहिरातच वाटली असावी. थोरली कधी माझ्या फाटक्या सीटवर हात ठेवून ती गोष्ट हळू, साध्या आवाजात सांगू बघते. ऐकायला मी एकटीच असते, तरी दोन वाक्यांनंतर ती मध्येच गप्प होते.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, माझे काय व्हायचे ते होईल. एवढेच मागते. तुमच्यासाठी कुणी कधी हात सोडले असतील, तर त्याची गोष्ट त्याच्यासमोर, आपल्या घरात, आजच सांगा. ती रंगली नाही तरी चालेल. अडखळलात तर फारच चांगले.