खोदासुराला हळदकुंकू

मी बोलतोय, पण मला शोधायला रस्त्याकडे बघू नका. मी तळहातावर मावणारा जेसीबी आहे, पिवळ्या प्लॅस्टिकचा. साच्यातून माझ्यासारखे ढिगाने निघाले. मी शिरूरच्या बाजारात एका हातगाडीवर आलो. अंग एवढंसं, पण मिजास खऱ्या मशीनची!

सुदर्शन खऱ्या जेसीबीवर ऑपरेटर म्हणून लागला, त्याच आठवड्यात त्याने मला विकत घेतलं. भांडगावच्या घरात टीव्हीशेजारी मला मानाची जागा मिळाली. पाहुणा आला की मला हातात घेऊन तो मशीनचं कौतुक सुरू करायचा. पाहुण्याचा चहा गार व्हायचा, पण ह्याचं संपायचं नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात केंदूरला शेततळं खोदताना काठ खचला आणि मशीन त्याच्यासकट कलंडली. पायाचं हाड मोडलं, ते जुळलंही. मन मात्र जुळेना. मालक फोनवर विचारायचे, "कवा येतो रं?" हा म्हणायचा, "येतो की आप्पा, पाय दुखतोय जरा." पाय दुखत नव्हता. मला त्याने कॉटखाली सारलं. चपलांच्या संगतीत पडून राहिलो, पण मला राग आला नाही. त्याची कीव आली.

तिथून मला बाहेर काढलं त्याच्या बहिणीने, करिश्माने. ती हायवेवरच्या कंपनीत कामाला, आणि सुट्टीला तिचा नाद वेगळाच. चटईवर डोंगर-किल्ले मांडून ती गोष्ट सांगायची आणि शेजारची भावंडं त्या गोष्टीतली माणसं व्हायची. समृद्धी जादूगारीण, सम्राट तलवारबहाद्दर. काय करणार ते त्यांनी बोलून सांगायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार: आकडा मोठा तर जमलं, लहान तर फसलं. त्यात मी झालो खोदासुर, गावंच्या गावं गाडणारा राक्षस! अपमानच तो. पण कॉटखालून सुटका झाली, खोटं कशाला बोलू? सुदर्शन दाराशी बसून ऐकायचा आणि मी दिसलो की तोंड फिरवायचा.

खंडेनवमीला माझा वध ठरला. पुढ्यात काड्यापेट्यांचा ढीग, म्हणजे गाडलेलं गाव. पण सकाळीच सुदर्शन-करिश्माच्या आईने, सुवर्णाबाईंनी, विळे-खुरप्यांच्या पूजेत मलाही बसवलं होतं. हळदकुंकू, वर झेंडूचं फूल. सम्राट फासा हातात धरून अडून बसला.

"पूजा झाल्याली हाय. आज ह्याच्यावर घाव कसा घालू? तुझी आई हाणंल मला."

"अरं, खेळातला राक्षस हाय त्यो," करिश्मा वैतागली.

"मग तू मार."

तिचाही हात धजेना.

"आन् ढिगाऱ्याखालची माणसं?" समृद्धी म्हणाली. "त्यांना कोण काढणार?"

"त्योच काढंल." दारातून सुदर्शन बोलला. "त्येला चालवणारं कुणी हाय का न्हाई?"

करिश्माने भावाकडे पाहिलं. "जागा मोकळी हाय, दादा. बसतो का?"

"पूजेच्या दिवशी मशीन चालवत्यात व्हय?" सुवर्णाबाई आतून ओरडल्या.

"माणसं दबल्यात, आई," तो म्हणाला, आणि चटईशी येऊन बसला.

त्याने मला उचललं. आधी चटईच्या कडेने बोट फिरवून त्याने जमीन चाचपली, मग मला टेकवलं आणि फासा टाकला. पडले दोन!

करिश्माचं तोंड उतरलं. तिला खोटं सांगता आलं असतं, पण खेळात ती लबाडी करत नाही. "काठ खचला, दादा. मशीन कलंडली."

मी आडवा पडलो होतो.

"आन् मी?" सुदर्शनने विचारलं. "जिता हाय का?"

"हायेस की," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते.

"मग परत." त्याने मला चाकांवर उभं केलं.

पण आईने त्या दिवशी पुढे खेळू दिलं नाही. ते बाकीचं पुढच्या रविवारी होणार होतं. त्या रविवारी चटई अंथरली, मी मांडला गेलो, सगळे वाट बघत बसले. सुदर्शन आलाच नाही. सकाळीच आप्पांचा फोन आला होता, आणि तो मांडवगण फराट्याला विहिरीच्या कामावर गेला होता.

तेव्हापासून खेळ अडलाय. माझ्या ऑपरेटरच्या जागेवर दुसऱ्या कुणाला बसू देत नाहीत. गाव अजून काड्यापेट्यांखाली आहे. तुमच्यापैकी कुणी फासा टाकायला येत असेल तर जरूर या, पण घाई करू नका. माझा ऑपरेटर कामावर गेलाय.