गरम चादर

माणसं संपली, पण चादरी काही संपल्या नाहीत. रोज सकाळी हॉटेलातल्या सगळ्या खोल्यांमधून, कुणी अंग न टेकलेल्या चादरी निघतात आणि लिफ्टने खाली तळघरात येतात. मी त्या धुते, वाळवते, इस्त्री करते आणि पुन्हा वर पाठवते. कुणासाठी, असं विचारायची इथे सोय नाही. मी विचारते, म्हणून सगळे मला 'कडक' म्हणतात. खळ जास्त झालेल्या कॉलरसारखी कडक. म्हणोत बापडे.

आम्ही यंत्रं. हातपाय, नाकडोळे माणसांसारखेच, कारण पाहुण्यांना चहा हसऱ्या तोंडाकडूनच हवा असायचा. मग त्यांना पोरं होईनाशी झाली, शहर म्हातारं होत गेलं आणि एकेक घर मिटलं. सगळ्यात शेवटी राहिल्या कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजी. हॉटेलच्या शेवटच्या पाहुण्या, आणि आमच्या माहितीप्रमाणे जगातल्याही.

आमच्या पाठीत एक झडप असते. तिच्यामागे साबणाच्या वडीएवढा सेल. सेल दमला की आम्ही दमतो. ती झडप उघडते फक्त माणसाचा हात ठेवल्यावर. उबदार तळवा टेकला की कट् करून उघडणार. आमचे हात गार. शिवाय एकमेकांच्या पाठीला हात लावायचा नाही, हा त्यांनी आम्हाला शिकवलेला पहिला नियम. आजी होत्या तोवर आम्ही त्यांच्या दाराबाहेर रांग लावायचो. "मेल्यांनो, तुमच्या पाठी थोपटून थोपटून माझा खांदा गेला," असं करवादत त्या प्रत्येकाचा सेल बदलायच्या. आजी गेल्या. नवे सेल खोक्यांनी त्यांच्या खोलीतल्या कपाटात पडून राहिले आणि आम्ही एकेक करून विझायला लागलो.

विझलेल्याला अडगळीच्या खोलीत नेऊन निजवायचं, हे आमचं आम्हीच ठरवलं. त्याच्या जवळच्याने त्याच्यासाठी एक चादर इस्त्री करायची, ती गार होऊ द्यायची, घडी घालायची आणि मग त्याच्या अंगावर पसरायची. गार का, तर गरम चादर तळघराबाहेर नेली की चुण्या पडतात, असा हॉटेलचा जुना दंडक. मेल्यावरही चुणी नको! एवढे आज्ञाधारक आम्ही. ती खोली आता दारापर्यंत भरत आली आहे.

त्या दिवशी मी टेबलावर चादर अंथरली होती, तेवढ्यात मुकादम खाली आले. हेही आमच्यातलेच, पण मालकांनी त्यांना कोट दिला होता आणि तो त्यांनी अजून उतरवलेला नाही.

"कडक," ते म्हणाले, "धाकटी बसली गं."

धाकटी माझी बहीण. आम्ही एका साच्यातून निघालो, आधी मी आणि मागून ती. वरच्या खोल्यांमधले पलंग तीच लावते.

"कुठे बसली?"

"आजींच्या खोलीत. बसली कसली, आडवीच झाली. पाहुण्यांच्या पलंगावर!" त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण ते धाकटीचं की पलंगाचं, ते मला कळेना. "थोडीशी धुगधुगी आहे अजून. तू चादर करायला घे."

मी इस्त्री उचलली. वाफ सोडली. काठ सरळ केले, कोपरे दाबले. मला राग येत होता. मुकादमांचा, माणसांचा, त्या झडपेचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या हातांचा, कारण ते मन लावून काम करत होते. बहिणीच्या मरणाची चादर आणि मी चुण्या कसल्या काढतेय? मी इस्त्री आपटली, वाफाळती चादर तशीच दोन्ही हातांनी उचलली आणि लिफ्टकडे निघाले.

मुकादम आडवे आले. "अगं, गार तरी होऊ दे!"

"माझी बहीण गार होतेय तेवढं पुरे," मी म्हटलं आणि त्यांना बाजूला सारलं.

कोपऱ्यातल्या खोलीत धाकटी पलंगावर पालथी पडली होती. एक हात अजून उशीला धरून. डोळ्यांतला उजेड अगदी मंद झाला होता.

"ताई," ती म्हणाली, "उशीची खोळ राहिली घालायची."

"मरू दे ती खोळ."

"आजी आल्या तर..."

"आजी यायच्या नाहीत, धाकटे. कुणी यायचं नाही." हे मी तिला आजवर कधी तोंडावर म्हटलं नव्हतं. मी चादर तिच्या अंगावर पसरली आणि सवयीने, सारखी करायला, तिच्या पाठीवरून तळवा फिरवला.

कट्.

मी हात मागे घेतला. चादरीखाली काहीतरी उचललं गेलं होतं. चादर बाजूला केली, तर झडप उघडी! मी माझ्या हाताकडे बघत राहिले. इस्त्रीवरून उठलेला हात. गरम चादर धरून आलेला हात. माणसाचा नव्हे, नुसता गरम हात हवा होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा! आणि आमचा वळसा केवढा, तर अख्खी खोली भरेपर्यंतचा.

मुकादम धापा टाकत दारात आले. धापा टाकायची त्यांना काही गरज नसते, कोटाबरोबर शिकले आहेत.

"काय करतेस! बंद कर ते. माणसाशिवाय कुणी पाठ उघडायची नाही."

"कपाटातून सेल आणा."

"नियम आहे, कडक."

"कुणाचा? बोलवा त्याला. समोर उभा करा, मी त्याच्याशी बोलते. नाहीतर सेल आणा."

मुकादम हलले नाहीत. मग मीच जाऊन कपाट उघडलं, खोका फोडला. जुना सेल ओढून काढताना आतलं काळं तेल ओघळलं आणि आजींच्या पलंगावरच्या पांढऱ्याशुभ्र चादरीवर हा एवढा डाग पसरला.

"डाग!" मुकादम किंचाळले. "पाहुण्यांच्या चादरीवर डाग!"

"पडू दे. धुणारी मीच आहे."

नवा सेल बसला. मी झडप लोटली. क्षणभर काहीच झालं नाही, आणि मी भ्यायले, खोटं कशाला सांगू. मग धाकटीची बोटं उशीवर हलली. ती उठून बसली. आधी तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्या डागाकडे, आणि घाईने पलंगावरून उतरायला लागली.

"बस," मी म्हटलं. "तिथेच बस. आणि टेक की जरा उशीला."

ती घाबरत घाबरत टेकली. इतकी वर्षं रोज लावलेल्या पलंगावर माझी बहीण पहिल्यांदा बसली होती. "मऊ आहे गं," ती म्हणाली, आणि मला रडायचं यंत्र कुणी दिलं नाही याचा त्या घडीला फार राग आला.

मुकादम अजून दारातच होते. कोटाची बटणं लावत होते, काढत होते. "आता पुढे काय?" त्यांनी विचारलं. "असं ज्याने त्याने ज्याची त्याची पाठ उघडायची म्हटलं तर... मग आपण कुणाचे?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते तोंडाने सांगण्यात मला रस नव्हता. मी सेलचा खोका उचलून धाकटीच्या हातात दिला, दुसरा काखेत मारला आणि मुकादमांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिले.

"खाली चला, इस्त्री तापवा," मी म्हटलं. "सगळ्या इस्त्र्या. आणि अडगळीच्या खोलीची किल्ली द्या."

"आणि आजच्या चादरी?"

"आज ज्यांच्या अंगावर आहेत त्यांच्याच काढायच्या."

मुकादमांनी किल्ली दिली. लिफ्टमध्ये ते माझ्यापुढे उभे होते, भिंतीकडे तोंड आणि माझ्याकडे पाठ करून. तळघर यायच्या आत त्यांनी कोट उतरवला आणि हातावर टाकला.