तोंडी परीक्षा

“मागे कोण बसलंय तुमच्या?” स्क्रीनवरच्या सरांनी विचारलं.

“मामाजी आहेत, सर. माझे सासरे.”

“मग ते भिंतीकडे तोंड करून का बसलेत?”

आता हे त्या सरांना काय कपाळ सांगू? २०१७ चा मे महिना, आमच्या मुर्री गावात बाहेर नुसती आग पडत होती, आणि माझी एम.ए.ची तोंडी परीक्षा लॅपटॉपवर चालू होती. पहिल्या वेळी मधेच नेट गेलं म्हणून मला गैरहजर धरलं होतं. ही दुसरी संधी, आणि शेवटची. ती हुकली असती तर दोन वर्षं पाण्यात गेली असती.

आमच्याकडे सून सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, सरळ बोलतही नसे. मामाजींचं नाव पुरनलाल. तोंडानं घेत नाही, कागदावर चालतं. राइस मिलच्या बॉयलरवर त्यांचा जन्म गेला. मला काही सांगायचं असलं की ते सासूबाईंना सांगायचे, आणि त्या घरी नसल्या तर गोठ्यातल्या कालवडीला. “सांग वं सूनबाईले, च्या ठेव म्हणा.” कालवड कान हलवायची, मी चहा ठेवायची. सात वर्षं आमचं असंच छान चाललं होतं. तेव्हा कधी हसू यायचं, कधी चीड. आज आठवलं की जीव गलबलतो.

मग एम.ए.चे ऑनलाइन क्लास सुरू झाले आणि पंचाईत झाली. नेट फक्त पुढच्या खोलीत यायचं, आणि तिथंच मामाजींची खाट. शिवाय क्लासलाही परीक्षेचाच नियम, की कॅमेरा चालू हवा आणि चेहरा दोन्ही कानांसकट दिसायला हवा. कानात काही घालून कुणी उत्तरं ऐकू नयेत म्हणून. पहिल्या रविवारी मी पदर घेऊन बसले, तर शिकवणाऱ्या सरांनी सगळ्यांदेखत सुनावलं, “उर्वशीताई, हा क्लास आहे, लग्नाचा मांडव नाही.” मी लाजेनं अर्धी झाले. मामाजी दारातच होते.

पुढच्या रविवारी अकराला ते खाट उचलून कडुलिंबाखाली निघाले.

“काऊन जी?” सासूबाईंनी विचारलं.

“मास्तरले तिचे कान पाहाचे आहेत. मी काऊन मधात?”

दोन वर्षं दर रविवारी हेच. पावसात छत्री घेऊन बसायचे. बाकीचे विद्यार्थी नेट नाही म्हणून कॅमेरा बंद करायचे आणि मागे काय करायचे देव जाणे. माझा एकदाही बंद नव्हता. तो बंद ठेवायला मला तोंडच नव्हतं.

त्या मे महिन्यात मात्र मामाजी नुकतेच दवाखान्यातून आले होते. दम लागायचा, आणि कूलर त्याच खोलीत. मी सासूबाईंना बजावलं, ते उन्हात गेले तर मी परीक्षेलाच बसत नाही. मग मामाजींनी तोड काढली. खाटेवरच भिंतीकडे तोंड केलं.

“त्यांना कॅमेऱ्याकडे बघायला सांगा,” सर म्हणाले. “हातात पुस्तक किंवा मोबाइल नाही, हे दिसलं पाहिजे. नाहीतर मला परीक्षा थांबवावी लागेल.”

सासूबाई शेजारी गेल्या होत्या. सांगणार कोण? मामाजींनी ऐकलं होतंच, पण ते हलेनात. भिंतीलाच म्हणाले, “मास्तरले सांगा, तिच्या डोक्यावर पदर नाही.”

माझा हात पदराकडे गेला, आणि मग मला संताप आला. सरांचा, त्या नियमाचा, माझा स्वतःचाही.

“मामाजी,” मी म्हटलं, “इकडे पाहा जी. मीच सांगून राहिली.”

ते सावकाश वळले. दोन्ही हात वर करून रिकामे तळवे कॅमेऱ्याला दाखवले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. स्क्रीनकडे पाहिलं. तिथं एका चौकटीत आम्ही दोघं होतो.

“हे तू होय का वं?”

“हो जी.”

“सुकून गेली पोरी. जेवत नाही का बराबर?”

सरांनी पहिला प्रश्न विचारला. तो माझा हुकला, मी पदरानं डोळे पुसत होते. बाकीच्यांची उत्तरं दिली. पास झाले.

मामाजी त्याच वर्षी थंडीत गेले. भिंतीवर लावायला फोटो शोधू लागलो, तर लग्नाच्या अल्बममध्ये ते सगळीकडे कडेला, आणि माझा चेहरा पदरात. मी विद्यापीठाला पत्र लिहिलं, त्या परीक्षेचं रेकॉर्डिंग मिळेल का म्हणून.

महिन्याभरानं उत्तर आलं. निकालानंतर सहा महिन्यांनी ते पुसून टाकतात.