बंदुकीचा तिसरा पाय

"पुढं दोन पाय, मागं एक पाय. उद्या शेपूट लावा, म्हणजे झालं," एल्वुड पुटपुटला.

पुटपुटला म्हणजे लोविनाला नीट ऐकू जाईल अशा बेतानं. ती त्याच्या खांद्यामागेच स्टुलावर बसली होती. मांडीवर कॉफीचा थर्मास, पुढ्यात तिकाटण्यावर लावलेली दुर्बीण.

"बंदूक टेकवायला वाळूची पिशवी काय वाईट होती? बाबांनी जुन्या पँटचा पाय शिवून केली होती ती."

"तिला उंदरांनी कुरतडलं. निम्मी वाळू गाडीत सांडलीय."

"मग दुसरी पँट फाडायची."

"तुझीच फाडते. बसव मुकाट्यानं."

हरणांच्या शिकारीचा हंगाम पुढच्या शनिवारी उघडणार होता. त्याआधी शिकाऱ्यांच्या क्लबच्या टेकडीमागच्या मैदानावर सगळं गाव बंदुकीचा नेम जुळवून घ्यायला येतं. ओळीनं बाकं, समोर शंभर यार्डांवर मातीचा उंच बांध, बांधाच्या पायथ्याशी नंबर लावलेल्या फळ्या आणि फळ्यांवर कागद. ज्या नंबरचं बाक, त्याच नंबरची फळी. एल्वुडचं बाक सहा.

गेल्या हंगामात त्याच्या समोरून हरीण अगदी रमतगमत गेलं आणि त्यानं मारलेली गोळी कुठल्या झाडात घुसली ते त्या झाडालाच माहीत. तेव्हापासून घरात ठरून गेलं की एल्वुडचा हात थरथरतो. मग धाकट्या भावानं, डेलबर्टनं, नवी दुर्बीण आणून बंदुकीवर चढवली. मुलीनं ऊबदार हातमोजे पाठवले. आणि लोविनानं हा पाय मागवला. बंदुकीच्या दस्त्याखाली बसतो, त्याचं चाक फिरवलं की दस्ता केसाकेसानं वर-खाली होतो, आणि एकदा आवळला की बंदूक जागची हलत नाही. बोलायची पाळी येऊ नये म्हणून माणसं किती वस्तू आणतात, हे लोविनाला त्या महिन्यात कळलं.

हात थरथरतो, हे म्हणायला सोपं होतं. वय झालं की थरथरतोच. पण सप्टेंबरात तो कोंबड्यांचं खाद्य आणायला वळणावरच्या दुकानात गेला, तो दिवस मावळताना रिकाम्या गाडीनं परत आला. "फिरून आलो," म्हणाला. तिनं जेवण वाढलं. डेलबर्टच्या वाढदिवसाला त्यानं टेबलावर विचारलं, "रॉय अजून कसा आला नाही?" थोरल्या भावाला, रॉयला, पुरून सहा हिवाळे झाले होते. डेलबर्ट म्हणाला, "येईल," आणि बटाट्यांचं भांडं पुढं सरकवलं. सगळ्यांनी बटाटे घेतले.

"सुरू करा!" मैदान सांभाळणाऱ्या स्टॅशनं आरोळी दिली. लोविनानं कान झाकले.

एल्वुडनं गाल दस्त्याला लावला, चाक जरासं फिरवलं, थांबला. डावा हात बंदुकीखालून काढून घेतला आणि स्वतःच चकित झाला.

"अगं, हलतच नाही ही. भिंतीला टेकवल्यासारखी."

तिला बरं वाटलं. इतकं बरं वाटलं, की त्याचीच तिला भीती वाटली.

त्यानं तीन गोळ्या झाडल्या. लोविनानं दुर्बिणीतून सहा नंबरचा कागद पाहिला. कोरा. त्यामागची बांधावरची माती पाहिली; धूळही उडालेली नव्हती.

लग्न झाल्यापासून त्यानं मारायचं आणि तिनं सांगायचं, असंच चाललं होतं. कुठं लागली, किती चुकली, जसं असेल तसं. या कामात गोड बोलणारा माणूस शत्रू, हे तिला त्यानंच शिकवलं होतं. भांडण झालेल्या दिवशीसुद्धा तिनं कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"उन्हाची तिरीप येतेय," ती म्हणाली. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं.

तेवढ्यात सात नंबरच्या बाकावरचा गोठेवाला पोरगा, वेंडल, हसायला लागला. "अरे, माझ्या कागदावर माझ्यापेक्षा बरं कोण मारतंय? तीन भोकं एकमेकांत शिरलीत. माझ्या बापजन्मात असं जमलं नाही."

स्टॅशनं बंदुका खाली ठेवायला लावल्या. दुसऱ्याच्या कागदावर मारलं की पुढच्या खेपेला सगळ्यांसाठी डोनट आणायचे, हा क्लबचा जुना रिवाज. एकदा तरी डोनट न आणलेला माणूस त्या ओळीत नव्हताच.

"जेलीवाले आण बरं का," स्टॅश म्हणाला.

"तुझं पोट बघता तुला नुसतं भोक आणतो," एल्वुड म्हणाला, आणि सगळे हसले. त्यात लोविनाही हसली.

पलीकडच्या बाकावरून उठून डेलबर्ट फळ्यांपर्यंत चालत गेला. सहा नंबरच्या खांबाला त्यानं केशरी पट्टीचे चांगले जाड वेढे दिले. परत येऊन भावाच्या पाठीवर थाप मारली. "आता आंधळ्यालाही दिसेल."

पुन्हा आरोळी झाली. एल्वुडनं डोकं वर काढून फळ्यांकडं पाहिलं, खाली घातलं, पुन्हा वर काढलं. लोविनाला त्याच्या मानेमागची पांढरी लव दिसत होती. आज सकाळी तिनंच ती कातरायची राहिली म्हणून त्याला चिडवलं होतं. त्यानं पाय आवळला. एक, दोन, तीन.

तिला दुर्बिणीत डोळा घालायची गरजच नव्हती. सात नंबरवरचा वेंडल यावेळी हसला नाही. तो आपल्या बंदुकीकडं बघत बसला.

"हे बाकच तिरकं आहे," डेलबर्ट म्हणाला. "खालची जमीन खचलीय."

"उजेडपण वाईट आहे आज," स्टॅश म्हणाला.

"आणि हा पाय. बंदूक एकदा आवळली की सरकवता येत नाही, चुकीच्या दिशेला तोंड असलं तर तिकडंच राहते. काढून टाक तो. शनिवारी माझी वाळूची पिशवी घे." डेलबर्टनं हात पुढं केला. "माझ्या नातीला, केल्सीला, तुझ्या शेजारच्याच मचाणावर बसवणार आहे मी. पहिलीच खेप पोरीची. म्हणत होती, एल्वुडआजोबाच पाहिजेत शेजारी."

एल्वुडनं त्याचा हात बाजूला सारला.

"पायाला हात लावू नकोस. पाय चांगला आहे."

"अरे, पण..."

"ती केशरी पट्टी दिसत होती मला, डेल. स्पष्ट दिसत होती. ती कशासाठी बांधलीय, ते..." बंदुकीचा बोल्ट मागं ओढून त्यानं रिकामी नळी पाहिली, आणि पुन्हा पाहिली.

"ते डोळ्यांचं असतं," डेलबर्ट घाईघाईनं म्हणाला. "माझंही होतं कधीकधी. हंगाम झाला की चष्म्याचा नंबर..."

"तुला नाही विचारलं." एल्वुड बाकावरच मागे वळला. त्याचा चेहरा शांत होता, गोळी कुठं लागली ते विचारताना असायचा तसा. "लोविना, तू बघत होतीस. काय दिसलं?"

स्टॅशला अचानक मैदानावरच्या झेंड्याची दोरी सोडवावीशी वाटली. डेलबर्ट तिच्याकडं बघत मान हलवत होता; अगदी बारीक, नको, नको. थर्मासचं झाकण तिच्या हातात होतं. तिनं ते खाली ठेवलं.

"हात तुझा चांगला आहे," ती म्हणाली. "हात कधीच वाईट नव्हता. तुझी आठवण जातेय, एल्वुड. उन्हाळ्यापासून जातेय, आणि आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. बंदूक घेऊन तू आता जंगलात जायचं नाहीस."